मागचं छोटं विमान

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी बाबांनी बदामची राणी टाकली. मी तोंडातला घास तसाच धरून फोनकडे बघत राहिलो. रमीचा साधा डाव, तेरा पानं, हिरवं टेबल, आणि टेबलाच्या पलीकडे बाबांचा गोल फोटो. त्या फोटोत त्यांचा एक कान कापला गेलाय, कारण तो मीच घाईघाईत लावून दिला होता. राणी ढिगावर पडली होती आणि माझ्या हातात बदामचा गुलाम आणि बदामचा राजा शेजारी शेजारी बसून होते. दुसऱ्या कुणी टाकली असती तर मी झडप घातली असती. पण बाबांनी टाकली होती. आईला जाऊन सहा वर्षं झाली, त्याच्याही आधीची पंचवीस वर्षं धरा, या सगळ्या काळात बाबांनी बदामची राणी एकदाही टाकलेली नाही. माझं बोट काचेवर अधांतरी राहिलं.

ही सवय कुठून आली ते मला चांगलं माहीत आहे. आम्ही चौघं, आई, बाबा, मी आणि धाकटी, सुट्टीच्या दुपारी पलंगावर मांडी घालून खेळायचो. आईचा सगळा जीव त्या एका पानात. हातात काहीही असो, ती बदामच्या राणीची वाट बघत बसायची, आणि आली की तिचा डाव लागायचाच. कसा ते देव जाणे. बाबा म्हणायचे, "ही बाई मी सोडत नाही. सोडली की तुमच्या आईचं राज्य आलं." मग ते राणीला हाताच्या टोकाला धरून ठेवायचे, तिच्यापायी दहा दहा गुण अंगावर घ्यायचे, हरायचे, आणि हरल्यावर ती आईच्या नाकासमोर नाचवायचे. आई गेल्यावर मी त्यांच्या फोनमध्ये हा खेळ घालून दिला. बाबा धाकटीकडे राहायला गेले होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि माझं जाणं महिन्यातून एकदा, कधी तेही नाही. म्हटलं, रोज सव्वा वाजता माझी जेवणाची सुट्टी, तेव्हा दोन डाव टाकू. आणि बाबांनी पहिल्या दिवसापासून राणी धरून ठेवली. आता ती उचलायला आई समोर नव्हती, तरी धरून ठेवली. मी विचारलं नाही. मी फक्त माझ्या मनाशी नोंद केली की बदामच्या राणीची वाट बघायची नाही, आणि त्या नोंदीचा फायदा घेऊन त्यांना पुष्कळदा हरवलं. हरले की ते माझ्या फोटोवर टोमॅटो फेकायचे. खेळात तशी चित्रं असतात, गुलाबाचं फूल, टाळ्या, टोमॅटो. सत्तरीच्या माणसानं इतक्या आवडीनं टोमॅटो फेकलेले मी पाहिले नाहीत.

मी तसाच बसलो आणि माझे तीस सेकंद संपले. फोटोभोवतीचं कडं हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं लाल झालं आणि विझलं. मग फोननं माझ्या वतीनं गड्डीतलं एक पान उचललं, चौकटची चौकी, आणि तीच चौकी शांतपणे ढिगावर टाकून दिली. माझ्या फोटोच्या कोपऱ्यात एक चाक उगवलं. तांदळाच्या दाण्याएवढं, दात्यांचं, हळूहळू फिरणारं. ते चाक मी ओळखत होतो. बाबांच्या फोटोच्या कोपऱ्यात, त्या कापलेल्या कानाच्या जागी, ते किती दिवस फिरत होतं. मला वाटायचं धाकटीच्या घरचं इंटरनेट रडतंय.

"हे चाक कसलं रे?" मी शेजारी बसलेल्या सोबत्याला विचारलं. आमच्या कामाच्या खोलीत आम्ही दोघंच. चष्म्याच्या दुकानाची मागची खोली ही, पुढे गिऱ्हाइकं आरशात तोंडं बघतात आणि मागे आम्ही काचा घासतो. आम्हा सगळ्यांत याला एकट्यालाच चष्मा नाही, म्हणून त्याला गरुड म्हणतात. गरुडानं माझ्या फोनवर मान वाकवली आणि एका नजरेत म्हणाला, "तू खेळत नाहीयेस. तुझ्याऐवजी मशीन खेळतंय. माणूस वेळेत खेळला नाही की चाक येतं. एक पान उचलायचं आणि तेच टाकायचं, डोकं चालवायचं नाही."

"आणि मी पुन्हा खेळायला लागलो की?"

"बोट लाव. जाईल."

मी बोट लावलं. माझं चाक गेलं. बाबांचं फिरत राहिलं.

दुपारभर मी काम केलं, म्हणजे हातांनी केलं. काचेवर शाईचे तीन ठिपके द्यायचे, मधला ठिपका बुबुळासमोर यायला हवा, काच यंत्रात धरायची, पाण्याची धार सोडायची, मग दगड फिरतो आणि पांढरा चिखल खाली गळतो. एरवी त्या आवाजात मला फार बरं वाटतं, कुणी काही विचारत नाही. त्या दिवशी मी मागचे तीन आठवडे एकेक करून उजेडात धरत होतो. टोमॅटो बंद झाले होते. मी समजलो, म्हातारा रुसलाय. त्यांची प्रत्येक खेळी बरोबर तीस सेकंदांनी यायची. मी समजलो, विचार करून खेळतात, वय झालं. डाव संपल्यावर दोघांची पानं उघडी होतात. बाबांची पानं नेहमी लावलेली असायची, लाल, काळं, लाल, काळं, दुकानातल्या खोक्यांसारखी शिस्तीत. तीन आठवडे ती वाटली तशी पडलेली होती, जिथली तिथे, एकही हललेलं नाही. मी समजलो, कंटाळा करतात. इतकंच काय, मागच्या सोमवारी सलग पाचवा डाव जिंकल्यावर मी स्वतः त्यांना टोमॅटो फेकला होता. एका फिरत्या चाकाला. जगाला दिसावं म्हणून रोज चाळीस काचा घासून देणारा माणूस मी, आणि तांदळाच्या दाण्याएवढी गोष्ट डोळ्यांसमोर फिरत असताना मी डोळ्यांवर कातडं ओढून बसलो होतो. चार वाजता पुढून एक चष्मा परत आला. उजव्या डोळ्याची काच मी डाव्या खोबणीत बसवली होती. मालक म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?" मी हो म्हणालो.

सुटल्यावर दुकानाच्या मागच्या गल्लीत उभं राहून मी धाकटीला फोन लावला. कपडे धुवायचं मशीन मागे घरघरत होतं.

"बाबा खेळतात का गं?"

"कुठे?"

"रमी. माझ्याबरोबर. रोज."

तिनं मशीन बंद केलं. मग म्हणाली, "मी लावून देते, दादा. सव्वाला तुझं बोलावणं येतं, मी हिरवं बटण दाबते आणि फोन त्यांच्या हातात ठेवते. बघत बसतात. पानं हलतात ना, त्यांना आवडतं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"दोनदा सांगितलं." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "मागच्याच महिन्यात म्हटलं, बाबा मला परवा ताई म्हणाले, बाथरूमचा दरवाजा विसरले. तू काय म्हणालास? म्हणालास, काल मला सलग दोन डाव हरवलंय त्यांनी, डोकं शाबूत आहे, तू उगाच घाबरतेस. मग मी म्हटलं, जाऊ दे. तुझं तरी चाललंय तर चालू दे."

ती म्हणाली ते खरं होतं, शब्द न् शब्द. गेले चार महिने आमच्या दोघांत एकच विषय होता. शहराबाहेर एक जागा आहे, अशा म्हाताऱ्यांना सांभाळणारी, चोवीस तास माणसं असतात. तिथे एक खाट रिकामी झाली होती आणि महिनाअखेरपर्यंत त्यांनी ती आमच्यासाठी धरून ठेवली होती. धाकटी आणि तिचा नवरा दोघंही सकाळी बाहेर पडायचे. तिनं नोकरी अर्ध्या वेळेवर आणली होती आणि आता तीही जायच्या बेतात होती. माझी एक खोली, चार जिने, मी सकाळी नऊला निघतो तो रात्री आठला परततो. दोघांनी मिळून हो म्हणायचं, माझ्या एकटीच्या माथी नको, एवढंच ती म्हणत होती. आणि मी दर वेळी पत्ते पुढे करत होतो. जो माणूस तेरा पानं लावतो त्याला तिथे नेऊन टाकायचं? ऐकायला किती छान वाक्य आहे. मी ते तिला तीनदा ऐकवलं होतं, गरुडाला एकदा, आणि स्वतःला रोज सव्वा वाजता. बाबा खेळतायत म्हणजे बाबा आहेत, आणि बाबा आहेत म्हणजे मला काही ठरवायला नको. मला त्यांचा राग आला नाही, तिचाही नाही. माझीच मला इतकी लाज वाटली की गल्लीतून जाणाऱ्या माणसाला मी उगाचच पाठ केली.

"रविवारी येतो," मी म्हणालो.

"ये," ती म्हणाली. "पण बोलायला ये."

शनिवारी संध्याकाळी मी पोटमाळ्यावरून खोकं उतरवलं. त्यात आमचा जुना व्हिडिओ गेम होता, राखाडी डबा, दोन रिमोट, एक कॅसेट. बाबांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. कुणीतरी हा गेम दुरुस्तीला टाकून गेलं आणि परत फिरकलंच नाही. बाबांनी वर्षभर वाट बघितली, कपाटावर कागदात गुंडाळून ठेवला, आणि मग एक दिवस घरी आणला. मी अकरा वर्षांचा होतो. त्या दिवसाइतका आनंद मला पुढे कशाचाच झाला नाही, आणि हे मी लग्न मोडलेला माणूस म्हणून बोलत नाहीये, साधं मोजून बोलतोय. कॅसेटमध्ये विमानांचा खेळ होता. पुढे मोठं विमान, ते पहिल्या रिमोटवर. मागे एक छोटं विमान, ते दुसऱ्या रिमोटवर. छोट्याचं काम मोठ्याच्या पाठीमागे राहून त्याला सांभाळायचं. बाबा दुकानातून यायचे, हात धुवायचे आणि माझ्या शेजारी येऊन बसायचे. "चालू दे तुझं, कॅप्टन. मागे मी आहे." आणि मग ते आमचं छोटं विमान डोंगरावर नेऊन आपटायचे. रोज. केसाएवढ्या तारेला डाग देणारा माणूस, पण बटणं दाबायला लागला की आडवा तिडवा सुटायचा, जीभ दातांत धरून, सगळं अंग विमानाबरोबर वळवत. छोटं विमान गेलं की माझं अर्धं बळ गेलं, पुढच्या पुलापाशी माझाही निकाल. मी रडकुंडीला यायचो. मग मला एक शोध लागला. दुसऱ्या रिमोटची पिन डब्यातून काढून ठेवली, तर छोटं विमान आपोआप उडतं, आणि फार छान उडतं. मग काय, मी रोज बाबा यायच्या आधी पिन काढायचो, वायरचं टोक सतरंजीखाली सरकवायचो आणि रिमोट त्यांच्या हातात द्यायचो. ते दाबत राहायचे. छोटं विमान माझ्या मागे इमानदारीत उडत राहायचं. पूल गेला, डोंगर गेले, समुद्र आला. "बघ, हात बसला माझा," बाबा म्हणायचे. आई एकदा हळूच म्हणाली, "त्यांना कळलं तर?" मी म्हणालो, "त्यांना काही कळत नाही." आणि हे मी वर्गातल्या पोरांनाही सांगितलं, हसत हसत, बाबा कसे वेड्यासारखे बटणं दाबतात त्याची नक्कल करून. रमीत ते चाक मशीनला माझ्याशी खेळवत होतं हे कळल्यावर मला ती सतरंजी आठवली होती, त्याच दुपारी, काच घासताना. तेव्हापासून ती डोक्यातून गेली नव्हती. म्हणून मी डबा पुसला, कॅसेटला फुंकर मारली, आणि ठरवलं की या वेळी पिन घालायची. विमान डोंगरावर आपटलं तर आपटू दे. निदान ते बाबांनी आपटलेलं असेल.

रविवारी धाकटीच्या घरी बाबा खिडकीपाशी बसले होते. दाढी केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. धाकटीनं लावली असणार, बाबा वरचं बटण कधीच लावत नसत. मी म्हणालो, "बाबा, मी आलो." त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले, आणि खुर्चीतून अर्धे उठले. पाहुण्यासाठी उठतात तसे. "बसा, बसा," म्हणाले. मला बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा अहो केलं. धाकटी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हसून वेळ मारून नेली आणि टीव्हीच्या मागे वाकलो, कारण तिथे वायरींत डोकं घातलं की तोंड कुणाला दिसत नाही. नव्या टीव्हीला जुन्या डब्याची जोडणी बसत नव्हती, मध्ये घालायचा तुकडा मी विकत आणला होता. चित्र आलं. तेच निळं आकाश, त्याच दोन विमानांच्या मागून येणारी पिपाणीसारखी धून. मी बाबांना सोफ्यावर आणून बसवलं, दुसऱ्या रिमोटची पिन सगळ्यांसमोर, आवाज होईल अशी, डब्यात बसवली, आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. "छोटं विमान तुमचं, बाबा."

त्यांनी बटणांकडे बघितलंच नाही. त्यांनी वायर धरली. अंगठा आणि तर्जनीत वायर घेऊन ते हळूहळू पुढे सरकवत गेले. दुकानात तुटलेली तार शोधताना ते असंच करायचे, डोळे मिटून, सगळं लक्ष बोटांत. वायरमागोमाग ते सोफ्यावरून खाली सरकले, सतरंजीवर आले, गुडघ्यांवर पुढे गेले, माझा हात धरायला पुढे झाला तर त्यांनी तो कोपरानं बाजूला केला. बोटं डब्यापाशी पोचली. पिन चाचपली. ती आत आहे हे त्यांना लागलं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली, चुकीची जोडणी दिसल्यावर पडायची तीच. आणि त्यांनी पिन उपटून काढली. वायरचं टोक सतरंजी उचलून तिच्याखाली सरकवलं, वरून तळहातानं दोनदा थोपटलं, आणि तिथेच माझ्या शेजारी मांडी घालून बसले. मग रिमोट घेतला. जीभ दातांत धरली.

मला एकदम रडू फुटलं, आणि मी ते दाबलंही नाही. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाला वायर कुठे जाते ते कळत नाही, असं मी पस्तीस वर्षं मानत होतो. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या तारा जोडून थकलेला माणूस घरी यायचा, हात धुवायचा, आणि न जोडलेला रिमोट घेऊन तासभर पोराशेजारी अंग वळवत बसायचा, कारण पोराला तसं हवं होतं. मी पोरांसमोर नक्कल केली होती ती याची. आणि आता हे सांगायला, बाबा, मला कळलं, एवढं तरी सांगायला मी वळलो, तर ते पडद्याकडे बघत होते. त्यांच्या हातांना सगळं आठवत होतं. मी कोण हे त्यांना आठवत होतं का, ते मला त्यांच्या तोंडावरून कळेना. कितीही बघितलं तरी कळेना.

"चालू दे," बाबा म्हणाले.

मी थांबलो. पुढचं येईल म्हणून थांबलो. कॅप्टन म्हणतील, मागे मी आहे म्हणतील. ते काही बोलले नाहीत. खेळ सुरू झाला होता. मी घाईनं रिमोट उचलला, पण हात पूर्वीचे राहिले नव्हते. पहिल्या पुलापाशी एक विमान गेलं, डोंगरात दुसरं. खेळात तीनच मिळतात. तिसरं, शेवटचं, मी अगदी खाली, पाण्याला चिकटवून नेलं, कुठल्याही शत्रूच्या वाटेला न जाता, गुण न मिळवता, नुसतं वाचवत. माझ्या मागे छोटं विमान आपोआप उडत होतं, फार छान उडत होतं. बाबा त्याच्याबरोबर डावीकडे झुकत, उजवीकडे झुकत, आणि वळताना त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा.

धाकटी दारात येऊन उभी राहिली. ती किती वेळ तिथे होती कोण जाणे. तिनं डोळे पुसले नाहीत, हातातला टॉवेल नुसताच घडी घालून उलगडला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "त्या खाटेचं त्या लोकांना उद्या कळवायचंय. काय सांगू?"

"थांब," मी म्हणालो. "हे एवढं होऊ दे."

समोर समुद्र लागला होता. त्याच्या पुढे मी लहानपणी कधी गेलोच नव्हतो. आणि मी विमान पाण्याला घासत पुढे नेत राहिलो, कारण ते पडलं की पडदा काळा होणार होता, आणि बाबा अजून बटणं दाबत होते.